सोलापुरातील हस्तकारागीर आणि मेळा : गड्डा यात्रेपासून स्वतंत्र हस्तकला मेळ्यापर्यंत

प्रस्तावना

सोलापूर हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत चादरीच्या रूपाने पोहोचले आहे. लग्नातील आहेर असो, वसतिगृहात निघालेल्या विद्यार्थ्याची वळकटी असो किंवा तीर्थयात्रेचे गाठोडे असो, त्यात सोलापुरी चादर असणे ही अनेक पिढ्यांची सवय आहे. मात्र ही चादर विणणाऱ्या एकाही विणकराचे नाव ती वापरणाऱ्यास सहसा सांगता येत नाही. वस्तूला गावाचे नाव मिळाले, परंतु ती घडविणाऱ्याचे नाव मागेच राहिले. ही गोष्ट केवळ विस्मरणाने घडलेली नाही. सूत कोणी पुरवावे, माल कोणी उचलावा, तो कोठे मांडावा आणि त्यावर कोणाची खूण असावी, या प्रश्नांची जी उत्तरे दीडशे वर्षांत मिळत गेली, त्यांचा तो परिणाम आहे.

अलीकडच्या काळात मोठ्या शहरांतून स्वतंत्र हस्तकला मेळे भरू लागले आहेत. अशा मेळ्यात घडविणारा स्वतः आपल्या वस्तूमागे उभा राहतो, तिची किंमत स्वतः ठरवितो आणि ती कशी घडली हे ग्राहकाला स्वतः सांगतो. सोलापुरातही असा मेळा भरावा, असे विचार सुचणे स्वाभाविक आहे. परंतु सोलापूर हे मेळ्यांना अपरिचित शहर नाही. येथे शेकडो वर्षांची यात्रा आहे, व्यापारी पेठा आहेत आणि शासकीय प्रदर्शनांचाही अनुभव आहे. म्हणून नव्या मेळ्याचा विचार करण्यापूर्वी जुन्या मेळ्यांनी कारागिराला काय दिले व काय दिले नाही, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधात तसा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील कारागीर समाजांच्या स्थानाचा आढावा घेणे.
२. सोलापूरच्या विणकराचा बाजारपेठेशी असलेला संबंध ऐतिहासिक दृष्टीने स्पष्ट करणे.
३. स्वदेशी, खादी व शासकीय प्रदर्शनांच्या परंपरेत 'हाताने केलेले' या संकल्पनेच्या व्याख्या कशा बदलल्या ते पाहणे.
४. वरील इतिहासाच्या आधारे स्वतंत्र हस्तकला मेळ्याच्या आयोजनाची तत्त्वे मांडणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

संकल्पना

'जत्रा', 'प्रदर्शन' आणि 'मेळा' हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांत भेद करणे इष्ट होईल. जत्रेचे केंद्र देवस्थान असते व बाजार तिच्याभोवती उभा राहतो. प्रदर्शनाचे केंद्र वस्तू असते. ती पाहण्यासाठी, तुलनेसाठी व प्रसारासाठी मांडली जाते आणि मांडणारा बहुधा शासन किंवा संस्था असते. स्वतंत्र हस्तकला मेळ्याचे केंद्र मात्र घडविणारी व्यक्ती असते. तो शासनाच्या अनुदानावर अथवा एखाद्या मोठ्या व्यापारी पेढीच्या प्रायोजकत्वावर अवलंबून नसतो. सहभागी कारागीर व काही स्वयंसेवक मिळून त्याचा खर्च उचलतात आणि नियमही ठरवितात. 'स्वतंत्र' या विशेषणाचा येथे एवढाच मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे.

गड्डा यात्रा : कारागिराचा मान

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी व वचनकार होत. तलावाचे बांधकाम, ६८ शिवलिंगांची स्थापना यांसारखी कार्ये त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. ज्या शरण परंपरेशी त्यांचा संबंध आला, तिने 'कायक' म्हणजे श्रमाने केलेल्या व्यवसायास आध्यात्मिक प्रतिष्ठा दिली. या परंपरेत विणकर दासिमय्या, कुंभार गुंडय्या, बुरूडकाम करणारे केतय्या असे हाताने काम करणारे अनेक शरण होऊन गेले. श्रम व भक्ती यांत भेद न मानणाऱ्या या विचाराची छाया सोलापूरच्या यात्रेवर पडलेली दिसते.

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी ही यात्रा 'गड्डा यात्रा' म्हणून ओळखली जाते. सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा झालेला प्रतीकात्मक विवाह हा तिच्या विधींचा गाभा आहे. ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम मैदानावरील होम आणि शोभेचे दारूकाम असा तिचा क्रम असतो. मिरवणुकीत उंच वेळूचे सात नंदीध्वज असतात. त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे परंपरेने चालत आले असून त्यांत विश्वब्राह्मण व मातंग समाजांचाही समावेश आहे. विश्वब्राह्मण हे परंपरेने लोहार, सुतार, सोनार अशा कामांशी, तर मातंग समाज दोर, केरसुण्या अशा कामांशी जोडलेला समाज होय. कुंभाराच्या घराशी सोयरीक सांगणारी आणि कारागीर समाजांच्या खांद्यावर नंदीध्वज देणारी ही यात्रा म्हणजे शहराने आपल्या हस्तकारागिरांना दिलेली वार्षिक मान्यताच होती असे म्हणता येईल. संक्रांतीच्या सुगडांसाठी घरोघरी कुंभाराची वाट पाहिली जाते, तीही याच दिवसांत. शहरातील 'कुंभार वेस' हे नाव या जुन्या संबंधाची आठवण देते.

परंतु विधीतील मान आणि बाजारातील स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत. होम मैदानावरील गड्ड्यात आकाशपाळणे, खेळणी, भांडी, बांगड्या, खाद्यपदार्थ यांची दुकाने लागतात. त्यांतील बहुतेक माल कारखान्यात तयार झालेला असतो आणि अनेक दुकानदार गावोगावच्या यात्रा फिरणारे व्यावसायिक असतात. त्यांनाही पोट आहे व त्यांचा व्यवसायही जुना आहे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र जागेचे भाडे, वीज, दिवसांची संख्या आणि मालाचा साठा यांचे गणित फिरत्या व्यापाऱ्याला जुळते, घरी एक माग किंवा एक चाक चालविणाऱ्याला जुळत नाही. ज्याचा विधीत मान आहे त्याचा माल यात्रेच्या बाजारात अपवादानेच दिसतो, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. २०२१ व २०२२ या वर्षी करोनाच्या साथीमुळे यात्रेवर निर्बंध आले. तेव्हा विधी मर्यादित स्वरूपात पार पडले, पण गड्ड्याचा बाजार भरू शकला नाही. विधी आणि बाजार ही यात्रेची दोन वेगळी अंगे आहेत, हे त्या दोन वर्षांनी स्पष्ट केले.

विणकर आणि पेठ : मागापासून गिऱ्हाइकापर्यंतचे अंतर

सोलापूरच्या विणकामात साळी, कोष्टी, मोमीन आणि पद्मशाली हे समाज प्रमुख होते. पद्मशाली समाज तेलंगणातून टप्प्याटप्प्याने येथे येऊन स्थायिक झाला. त्याने आपली तेलुगू भाषा, मार्कंडेय ऋषींची उपासना आणि विणण्याचे कसब सोबत आणले. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहरात माग हा समान दुवा होता. १८६० मध्ये रेल्वे आली आणि सोलापूरच्या पेठेचा संबंध मुंबईशी थेट जोडला गेला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे 'जुनी गिरणी' या नावाने ती ओळखली गेली. त्यानंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्याही उभ्या राहिल्या.

गिरणी आली आणि हातमाग बुडाला, असे सरधोपट विधान अनेकदा केले जाते. सोलापूरचा इतिहास त्याला सर्वस्वी दुजोरा देत नाही. गिरणीचे सूत हातमागाला लागत होते. विणकराची लुगडी काठ, पदर व पोत यांच्या वैशिष्ट्यांमुळे गिरणीच्या कापडाशेजारी टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत धावत्या धोट्याचा स्वीकारही सोलापूरच्या विणकरांनी केला. म्हणजे विणकर जुन्याला चिकटून बसणारा होता, हा समज बरोबर नाही.

खरी अडचण वेगळी होती. सूत उधारीवर घ्यावयाचे, तयार माल त्याच किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला द्यावयाचा आणि हिशेबात उरेल ती मजुरी घ्यावयाची, अशी ही साखळी होती. ज्यांच्याजवळ थोडे भांडवल साठले त्यांनी एका छताखाली अनेक माग बसविले व ते कारखानदार झाले. ज्यांच्याजवळ नव्हते ते त्यांच्याकडे मजुरीने विणू लागले. कांड्या भरणे, ताणा करणे, खळ लावणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. त्यांचा हिशेब तर कोणत्याही वहीत स्वतंत्रपणे नव्हता. या व्यवस्थेत विणकर व गिऱ्हाईक यांची गाठ पडण्याचे कारणच नव्हते. दोन मैलांवर विकले जाणारे लुगडे किती किमतीला गेले, हे ते विणणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती.

या परावलंबनाची परीक्षा दुष्काळात होत असे. पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याची पहिली काटकसर कापडावर होते. त्यामुळे दुष्काळात सूत उपलब्ध असूनही विणकर बेकार होई, कारण गिऱ्हाईक आधी नाहीसे होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांना खडी फोडण्याच्या कामावर न पाठविता त्यांच्याच मागावर काम देण्याचे प्रयत्न झाले. सूत पुरवून कापड विणून घ्यावे व बाजार सावरल्यावर ते विकावे, अशी त्यामागील कल्पना होती. विणकराचे हात रस्त्याच्या कामात निकामी होतील, हे प्रशासनालाही पटले होते. या प्रयत्नांचे महत्त्व असे की, विणकराला दया नव्हे तर खरेदीदार हवा असतो, ही गोष्ट त्यांतून प्रथमच स्पष्टपणे मान्य झाली.

१९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्यांची चळवळ सुरू झाली आणि विणकरांच्या सहकारी संस्थाही निघाल्या. स्वस्त सूत व कर्ज या दोन बाबतींत त्यांनी काही काम केले. परंतु विक्रीची बाजू दुर्बळच राहिली. कर्जाने सावकार बदलता येतो, पण बाजाराची वाट माहीत असल्याशिवाय व्यापारी बदलता येत नाही.

प्रदर्शनांची परंपरा : वस्तू पुढे, कारागीर मागे

देशी कारागिरीची प्रदर्शने भरविण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात १८८८ मध्ये असे मोठे प्रदर्शन भरले होते. १८९० मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि देशी उद्योगांच्या प्रश्नाला वैचारिक अधिष्ठान मिळाले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना जोडून औद्योगिक प्रदर्शने भरविण्याची प्रथा १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनापासून सुरू झाली. १९०२ मध्ये अहमदाबाद व १९०४ मध्ये मुंबई येथे ती चालू राहिली. या प्रदर्शनांनी देशी मालाविषयी अभिमान निर्माण केला, ही त्यांची मोठी कामगिरी होय. मात्र त्यांत वस्तू प्रांताच्या, संस्थानाच्या वा पेढीच्या नावाने मांडल्या जात. 'हे सोलापूरचे लुगडे' एवढी ओळख पुरेशी मानली जाई.

याच काळात इंग्लंडमध्ये घडलेली एक गोष्ट तुलनेसाठी उपयुक्त आहे. लंडनमध्ये वॉल्टर क्रेन प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कला व हस्तव्यवसाय प्रदर्शन संस्थेने आपले पहिले प्रदर्शन १८८८ मध्येच भरविले. तेथे वस्तूच्या नोंदीत आराखडा करणाऱ्याबरोबर ती प्रत्यक्ष घडविणाऱ्याचेही नाव देण्याचा आग्रह धरण्यात आला. हा नियम वरवर किरकोळ वाटतो. परंतु वस्तू कोणाच्या नावाने ओळखावी, या प्रश्नाला त्याने निराळे उत्तर दिले. आपल्याकडील प्रदर्शनांनी राष्ट्राचे नाव पुढे आणले. परतंत्र देशात ते आवश्यकही होते. व्यक्तीचे नाव पुढे आणण्याचे काम मात्र तेव्हा राहून गेले.

'हाताने केलेले' म्हणजे काय? खादीची व्याख्या आणि सोलापूर

१९३० च्या आंदोलनात सोलापूरने फार मोठी किंमत मोजली. त्या वर्षी मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. स्वदेशीविषयी या शहराच्या निष्ठेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तथापि, याच काळात एक तात्त्विक पेच निर्माण झाला होता. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाच्या दृष्टीने खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे हाताने विणलेले कापड. सोलापूरचा विणकर विणत होता हातानेच, परंतु सूत गिरणीचे वापरत होता. त्यामुळे तो हातकारागीर असूनही खादीच्या कक्षेबाहेर राहिला. एकीकडे गिरणीशी स्पर्धा व दुसरीकडे खादीची अट, अशा दुहेरी कात्रीत तो सापडला.

१९३६ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली बांबू व स्थानिक साहित्यातून तेथील उभारणी झाली आणि खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. स्थानिक साहित्य आणि स्थानिक हात यांतून मेळा उभा राहू शकतो, याचा तो उत्तम वस्तुपाठ होता. मात्र खादीची अट तेथेही लागू होती. व्याख्या जितकी शुद्ध, तितका मेळा लहान होतो, आणि ती जितकी सैल, तितका व्यापारी माल आत शिरतो. हा पेच आजच्या कोणत्याही हस्तकला मेळ्यालाही सुटलेला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : संरक्षण, सवलत आणि नाममुद्रा

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ व अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ यांची स्थापना झाली. हस्तव्यवसाय मंडळाला कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे नेतृत्व लाभले. सणासुदीला हातमाग कापडावर सूट देण्याची पद्धत रुळली. या सवलतीने माल खपला, पण गिऱ्हाइकाला हातमाग म्हणजे सवलतीत मिळणारे कापड, अशी सवयही लागली. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. आरंभी त्यांची संख्या २२ होती, ती पुढे ११ वर आली. दोन्ही मंडळे २०२० मध्ये बरखास्त करण्यात आली.

या काळात सोलापुरात मोठे परिवर्तन घडले. १९६३ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. दुसरीकडे यंत्रमागांची संख्या वाढत गेली आणि चादर व टॉवेल ही शहराची ओळख बनली. जकार्डच्या साहाय्याने विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी जाड सुती चादर मुख्यतः यंत्रमागावर निघू लागली. अनेक जुने विणकर यंत्रमागधारक किंवा यंत्रमाग कामगार झाले. हा बदल केवळ लादलेला नव्हता. अधिक मिळकतीची ती एक वाट होती.

सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. महाराष्ट्रातील अशा आरंभीच्या नोंदण्यांत त्यांची गणना होते. ही नोंदणी यंत्रमागधारकांच्या संघटनेच्या अर्जावरून झाली. परगावी तयार झालेला माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो, ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे व तिच्याविरुद्ध कायद्याचे साधन मिळाले हे चांगलेच झाले. परंतु या नोंदणीने संरक्षण मिळते ते गावाच्या नावाला. चादर हातमागाची की यंत्रमागाची, आणि ती कोणी विणली, हे त्या नावावरून कळत नाही. केंद्र शासनाने २००६ मध्ये 'हातमाग चिन्ह' सुरू केले, त्यामुळे हातमागाची खात्री पटते, पण हाताचा धनी तेथेही अनामच राहतो. हातमागावर आजही भिंतीवर टांगावयाची विणलेली चित्रे करणारे कसबी विणकर सोलापुरात आहेत. एकेका चित्रासाठी ताण्यावर आकृती उतरवून धागा धागा मोजावा लागतो. अशा कामाला सवलतीच्या दुकानाचा उपयोग होत नाही. ते काम समजावून सांगणारा माणूस त्याच्या शेजारी उभा असावा लागतो.

स्वतंत्र हस्तकला मेळा : आयोजनाची तत्त्वे

कारागिराने स्वतः विक्रीस उभे राहावे, हा विचार भारतात संघटितपणे पुढे नेणाऱ्या संस्थांत १९८१ मध्ये लैला तय्यबजी व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दिल्लीत स्थापन केलेल्या 'दस्तकार' या संस्थेचा उल्लेख करावा लागेल. तिच्या बाजारांत कारागीर व ग्राहक समोरासमोर येतात. महाराष्ट्रात बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानशी संबंधित 'भीमथडी जत्रा' पुण्यात भरते. महिला बचत गटांसाठी मुंबईत 'महालक्ष्मी सरस' हे शासकीय प्रदर्शन भरते. या उपक्रमांच्या अनुभवाला सोलापूरच्या इतिहासाची जोड दिल्यास पुढील तत्त्वे निष्पन्न होतात.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. खादीसारखी कडक अट ठेवल्यास सोलापूरचा विणकरच बाहेर राहील. 'सूत कोणतेही, पण विणकाम हाताचे आणि विकणारा तो विणणारा किंवा त्याच्या घरचा' ही व्याख्या सोलापूरच्या परिस्थितीस अधिक न्याय देणारी आहे. ती तपासण्यासाठी प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष माग पाहणे उपयुक्त. शहर एवढे मोठे नाही की निवड करणाऱ्यांना कारागिराच्या घरी जाता येऊ नये.

दुसरा प्रश्न भाड्याचा. जागेचा लिलाव झाला की ती अधिक भाडे देणाऱ्याकडे जाते, हे यात्रांच्या बाजाराने दाखविले आहे. म्हणून लहान नोंदणी शुल्क व प्रत्यक्ष विक्रीतील ठरावीक हिस्सा अशी पद्धत योग्य. त्यायोगे विक्री न झाल्यास कारागीर कर्जात जात नाही आणि मेळा यशस्वी करण्यात आयोजकांचाही वाटा राहतो.

तिसरा प्रश्न दिवसांचा. चार दिवसांच्या मेळ्यासाठी मांडणीचा व आवराआवरीचा एकेक दिवस धरला तर सहा दिवस माग थांबतो. शिवाय मेळ्यापूर्वी माल साठवावा लागतो, म्हणजे सुताचे पैसे अडकून पडतात. मोठा मेळा हे लहान कारागिराला नेहमीच वरदान असते असे नाही. दोन दिवसांचा, वर्षातून दोनदा भरणारा आणि आगाऊ मागणी नोंदविण्याची सोय असलेला मेळा त्याला अधिक मानवेल. मागणी नोंदवून काही रक्कम आगाऊ घेतली की सुतासाठी उधारी करावी लागत नाही. दीडशे वर्षांच्या साखळीची कडी नेमकी येथे सैल होते.

चौथा प्रश्न ऋतूचा. सोलापूरचा उन्हाळा मेळ्यास प्रतिकूल आहे. दिवाळीपूर्वीचे दिवस व संक्रांतीचा काळ हे दोन काळ सोयीचे. संक्रांतीच्या वेळी गड्डा यात्रेमुळे शहरात गर्दी असतेच. यात्रेशी स्पर्धा न करता तिच्या कारागीर-परंपरेचा धागा पकडून मेळा भरविणे उचित होईल.

पाचवा प्रश्न सहभागाच्या व्याप्तीचा. मेळा केवळ कापडाचा असू नये. सांगोला-मंगळवेढा भागातील घोंगडीचे विणकाम, चिंचोक्याच्या खळीने तिला आणलेला ताठपणा, शहरालगतच्या तांड्यांवरील लमाणी स्त्रियांचे भरतकाम, घरोघरच्या वाकळा, कुंभारकाम, बुरूडकाम हे सारे याच प्रदेशाचे धन आहे. यांपैकी वाकळ व भरतकाम स्त्रियांच्या हातचे आहे आणि ते आजवर 'घरकाम' म्हणूनच गणले गेले. विणकाम पुरुषाच्या नावे असले तरी कांड्या भरणारी स्त्री त्यात भागीदार असते. म्हणून फलकावर घरातील काम करणाऱ्या सर्वांची नावे असावीत.

सहावा प्रश्न नावाचा व तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी असावी. तीवर घडविणाऱ्याचे नाव, गाव वा पेठ, लागलेले दिवस आणि कच्चा माल एवढाच मजकूर मराठीत व त्याच्या मातृभाषेत असावा. सोलापुरात ती चिठ्ठी तेलुगू, कन्नड वा उर्दूतही निघेल. लागलेल्या दिवसांची नोंद पाहिल्यावर गिऱ्हाईक किमतीची घासाघीस करताना निदान विचार तरी करील.

निष्कर्ष

१. गड्डा यात्रेने कारागीर समाजांना विधीत सन्मान दिला, परंतु बाजाराच्या अर्थव्यवस्थेत तो सन्मान उतरला नाही.
२. सोलापूरच्या विणकराची मुख्य अडचण तंत्राची नसून सूत व विक्री या दोन्ही टोकांवरील परावलंबनाची होती.
३. स्वदेशी प्रदर्शनांनी राष्ट्राला, भौगोलिक निर्देशनाने गावाला आणि हातमाग चिन्हाने तंत्राला नाव दिले. व्यक्तीला नाव देणारी व्यवस्था निर्माण झाली नाही.
४. 'हाताने केलेले' ही व्याख्या त्या त्या प्रदेशाच्या उत्पादन-इतिहासाशी सुसंगत असावी लागते.
५. स्वतंत्र हस्तकला मेळा लहान, वारंवार भरणारा, विक्रीच्या हिश्शावर चालणारा आणि आगाऊ मागणी स्वीकारणारा असल्यास लहान कारागिराच्या हिताचा ठरू शकतो.

समारोप

एखाद्या मेळ्याने सोलापूरचा हातमाग पूर्वीसारखा गजबजेल, अशी अपेक्षा करणे इतिहासाला धरून होणार नाही. यंत्रमागाने जे स्थान मिळविले ते कायम राहील आणि त्यावर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो, हेही विसरता येत नाही. प्रश्न उरलेल्या हातांचा आहे. जुना विणकर हयात असताना त्याचे कसब शिकणारा मुलगा वा मुलगी तयार व्हायची असेल, तर त्या कामातून पोट भरते आणि त्या कामाने नावही मिळते, हे पुढच्या पिढीला दिसले पाहिजे. पोट भरण्याची हमी मेळा एकट्याने देऊ शकत नाही. नाव मात्र तो पहिल्या दिवसापासून देऊ शकतो. स्थानिक महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील जागा, विद्यार्थी-स्वयंसेवक आणि कारागिरांच्या कामाची नोंद करण्याचे श्रम एवढे जरी उपलब्ध करून दिले, तरी अशा मेळ्याचा आरंभ फारशा खर्चाविना होऊ शकेल. सोलापूरच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही त्या नोंदी पुढे मौलिक साधन ठरतील.